श्रावणापुरती बंद

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. पुण्याच्या मुलाला नाही, आणि देवीपुढं हात जोडून उभी राहते तेव्हा तिलाही नाही — तिला सगळं ठाऊकच असतं अशी मनाची समजूत घालून परत फिरते. तुम्हाला मात्र सांगणार आहे. तुम्ही आमच्या गल्लीतले नाही, शालनच्या हातचं कधी जेवलेले नाही. तुमच्याशी बोलायला सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा, सुरुवातीलाच अडखळतेय.

आधी मी कोण ते सांगते. मी सुनंदा. मंगळवार पेठेत आमचं घर. मुलगा पुण्याला गेला आणि वरच्या दोन खोल्या मोकळ्या पडल्या, तेव्हापासून त्या मी पाहुण्यांना देते. शनिवार-रविवार काढून कोल्हापूरला येणारी माणसं — मुंबईची, नाशिकची, पार सुरत-इंदूरची. एक रात्र, फार तर दोन. तेवढ्यात त्यांना सगळं हवं असतं. दर्शन हवं, मिसळ हवी, रंकाळा हवा, पन्हाळा हवा, चपला हव्यात, बायकांना साज नाहीतर हुपरीची पैंजणं हवीत आणि गाडी धरायच्या आत तांबडा-पांढरा रस्साही हवा. कसं बसवायचं हे सगळं? म्हणून मी फोन शिकले. केस पिकल्यावर शिकले, पण असा शिकले की मुलगाही चाट पडला. नकाशात ठिकाणांवर खुणा करून ती सगळी सहल पाहुण्याच्या फोनवर पाठवायची. पन्हाळ्यावर रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यायला लावायचा. पावसाचं ॲप बघून गड आज की उद्या ते ठरवायचं. सुरतच्या आजीबाईंशी भाषांतराच्या ॲपवर गप्पा मारायच्या — ते ॲप असं काही बोलायचं की दोघी पोट धरून हसायचो. गल्लीतले लोक मला ॲपवाल्या काकू म्हणायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आणि माझ्या प्रत्येक पाहुण्याच्या नकाशात एक खूण ठरलेली असायची. शालनची खानावळ.

शालन म्हणजे पलीकडच्या बोळातली माझी मैत्रीण. नवरा लवकर गेला तेव्हा तिनं पुढच्या खोलीत चार टेबलं टाकली आणि मटणाचं ताट सुरू केलं. बोर्डसुद्धा लावला नव्हता. तिला नकाशावर मी आणलं. फोटो मी काढले, वेळ मी घातली, रस्सा वाढताना तिचा हात कसा सैल असतो ते मीच लिहिलं. माझ्याकडं राहायचं आणि शालनकडं जेवायचं, असं आमचं न बोलता ठरून गेलं होतं. ती माझ्या पाहुण्यांना पांढऱ्या रश्शाची वाटी न मागता पुन्हा भरायची. मी तिच्याकडच्या गिऱ्हाइकांचे चांगले-वाईट शेरे वाचून दाखवायची. दुपारी तिच्या दारात बसून लसूण सोलत आम्ही हे करायचो. त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी होत्या.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच अडलंय. आखाडातल्या जेवणावळी संपल्या आणि श्रावण लागला, की शालन चूल बंद करायची. महिनाभर मटण नाही, खानावळ नाही. गणपती गेले की पुन्हा सुरू. गावातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण बाहेरचा माणूस नकाशा बघत यायचा आणि बंद दारासमोर उभा राहायचा. म्हणून दरवर्षी श्रावणात मी फोनवर तिची खानावळ 'तात्पुरती बंद' करायची आणि गणपती गेल्यावर पुन्हा 'चालू' करायची. ती नुसतं म्हणायची, "सुनंदा, श्रावण लागला की गं." मला कळायचं.

मग तिच्या मुलाचं लग्न झालं. सून आली शिरोळची, प्राजक्ता. शिकलेली, चटपटीत, फोनवर बोटं अशी चालायची की मी बघतच राहायची. शालन म्हणाली, हिलाही आपल्या खानावळीचं दाखव, तुझ्या एकटीवर भार नको. नकाशात खानावळीचं जे खातं मी काढलं होतं, त्यात तिचंही नाव घातलं. हौसेनं घातलं. पोरगी मला काकू काकू करत मागं असायची आणि मी तिला शिकवत होते.

पुढचं सांगताना अजून माझा आवाज चढतो. चढू दे.

नाशिकच्या एका कुटुंबासाठी मी राहण्याच्या जागांचं ॲप उघडलं होतं, माझ्या खोल्यांच्या तारखा बघायला. तर ॲपनंच मला दाखवलं — तुमच्या जवळच नवीन जागा. मी सहज उघडलं. दोन खोल्या. खिडकीला निळे पडदे. ते पडदे मी निवडले होते! महिन्यापूर्वी शालन मला कापडाच्या दुकानात घेऊन गेली होती, वरच्या मजल्यावर जरा डागडुजी काढलीय म्हणाली होती, आणि मी एक तास घालवून रंग उतरतो का ते थुंकी लावून बघितलं होतं. खाली त्या जागेचं वर्णन. दोन दिवसांत कोल्हापूर कसं बघावं — माझी सहल, माझ्याच क्रमानं, माझ्याच शब्दांत. रंकाळ्यावर ऊन उतरल्यावर जा, तोवर चपला बघून घ्या. हे वाक्य माझं होतं हो. दहा वर्षं पाहुणे हिंडवून सुचलेलं.

मला कसं वाटलं ते सांगू? घरच्या माणसानं पाठीमागून पाय ओढला असं वाटलं. खोल्या काढल्या याचं नाही, काढाव्यात की. पण रोज माझ्या शेजारी बसून लसूण सोलणाऱ्या बाईनं मला सांगू नये? मला ते फोनकडून कळावं? दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात गेले, बसले, सोलत राहिले. वाट बघितली. ती पावसाबद्दल बोलली. शेवटी मीच आडून विचारलं, तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोरांनी काढलंय गं कायतरी. तुझं तू कर, आमचं आम्ही." आमचं आम्ही! मी हसले, उठले आणि घरी आले. भांडले असते तर बरं झालं असतं. मला भांडता येतं, गल्लीला विचारा. त्या दिवशी नाही आलं.

तेवढ्यात श्रावण लागला.

मी पुष्कळ दिवस स्वतःला असं सांगत होते की त्या वर्षी मी फक्त विसरले. गणपती गेल्यावर खानावळ पुन्हा 'चालू' करायचं राहून गेलं, माणूस विसरतो. मग स्वतःशी थोडं खरं बोलायला लागले — विसरले नव्हते, मुद्दामच 'चालू' केलं नव्हतं. आमचं आम्ही म्हणाली ना, मग करा तुमचं तुम्ही. पण तेही खरं नाही. खरं असं आहे की श्रावणातल्या एका दुपारी, जेवण झाल्यावर, नवरा आत झोपलेला असताना मी शालनची खानावळ उघडली आणि 'तात्पुरते बंद' सोडून त्याच्या खालचं दाबलं. 'कायमचे बंद'. फोननं विचारलं, खात्री आहे ना? मी हो म्हटलं. मग भांडी घासली.

दिवाळीची सुट्टी आली. शहर पाहुण्यांनी भरलं, माझ्या खोल्या भरल्या. माझ्या पाहुण्यांना मी दुसरीकडं जेवायला पाठवलं. शालननं नेहमीच्या अंदाजानं मटण आणलं, मसाला वाटला आणि दारात उभी राहिली. गावातले दोन-चार जण आले. बाहेरचं कुणी फिरकलं नाही. तिच्या वरच्या खोल्यांतही कुणी फार आलं नाही — जेवायची सोय खालीच, म्हणून यायचे, आणि नकाशात ती सोयच बंद. उरलेला रस्सा ती गल्लीत वाटायला लागली. आमच्याकडंही डबा यायचा. आमच्या यांना पांढरा रस्सा फार आवडतो. आम्ही तो खाल्ला. मीही खाल्ला, मिटक्या मारत खाल्ला, आणि डबा घासून परत दिला.

एकदा ती वाटी घेऊन स्वतःच आली. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "सुनंदा, माझ्या हाताची चव गेली काय गं? खरं सांग. तू खोटं बोलायची न्हाईस." तिचा चेहरा उतरलेला होता. इतकी वर्षं कुणाच्या बापाला न घाबरलेली बाई चमचा माझ्यापुढं धरून उभी होती. मी चाखलं. चव तीच होती. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, खोबरं जरा जास्त झालंय का गं. त्यानंतर कितीतरी दिवस ती तो रस्सा बदलत राहिली.

अजून संपलं नाही. इथवर असतं तर मी तुमच्यापाशी आले नसते, कुढत बसले असते.

दिवाळीनंतर एक जुनं गिऱ्हाईक पुण्याहून आलं. शालनला बघून आनंदलं आणि म्हणालं, अहो, फोनवर तुमची खानावळ कायमची बंद झालेली दिसतेय, तरी म्हटलं बघून जाऊ. शालन फोन घेऊन धावत माझ्याकडं आली, मागोमाग प्राजक्ता. मी चष्मा लावून बघितल्यासारखं केलं. बोट फिरवून पुन्हा 'चालू' केलं. एवढंच काम होतं ते. शालननं विचारलं, "हे कुणी केलं? तुला सगळं कळतंय, तूच सांग बाई. ह्यात हात कुणाचा लागला?"

खात्यात दोनच नावं होती. एक माझं, एक त्या पोरीचं. प्राजक्ता म्हणाली, "आत्या, मी न्हाय ओ काय केलं." सासूला ती आत्या म्हणते, आमच्याकडची रीत आहे. आणि मग तिनं माझ्याकडं बघितलं. आधारासाठी बघितलं — काकू, तुम्हीच सांगा ना, तुम्हीच शिकवलंय मला.

मी म्हणाले, "नव्या पोरींची बोटं भरभर चालतात गं. लागला असंल कुठंतरी हात. मुद्दाम थोडंच केलंय तिनं?"

बघा कसं म्हणाले. तिची बाजू घेतल्यासारखं. आणि ते वाक्य मला आधीपासून तयारही करावं लागलं नाही. आपोआप आलं.

शालन त्या दिवशी सुनेला जे बोलायचं ते बोलली. सगळ्या गल्लीनं ऐकलं. दिवाळी घालवली, नाव घालवलं, शिकलेली म्हणून आणली आणि घर बुडवलंस. फोन तिच्या हातातून काढून घेतला. मुलगाही आईच्या बाजूनं बोलला. पोरगी चार दिवसांत शिरोळला माहेरी गेली, आणि मी तिला बोळाच्या तोंडाशी रिक्षात बसताना माझ्या गच्चीवरून बघितलं. खाली उतरले नाही. शालन त्या संध्याकाळी माझ्याकडं येऊन रडली. म्हणाली, खोल्यांचं तुला सांगितलं न्हाय ते माझं चुकलं, परक्यांवर भरवसा ठेवला आणि तुला लांब केलं. मी तिला चहा करून दिला. तिच्या पाठीवर हात फिरवला. तेव्हा सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. घरात आम्ही दोघीच होतो.

मला फसवलं होतं तिनं, ते खरंच आहे. त्याचा राग अजूनही पुरता गेलेला नाही. पण त्या पोरीनं माझं काय घेतलं होतं?

प्राजक्ता परत आली. माणसं मध्ये पडली, समजूत पटली, आता सासू-सुनेचं बरं चाललंय. खानावळीत पुन्हा बाहेरची माणसं येतात. नकाशातलं सगळं शालननं पुन्हा माझ्या एकटीकडं दिलंय. दुसऱ्या कुणाचा हात त्यात नको म्हणते. दर श्रावणात मी बंद करते आणि गणपती गेले की त्याच दिवशी चालू करते.

मागच्या रविवारी मी तिथं बसले होते. जेवण झाल्यावर एका जोडप्यानं प्राजक्ताला विचारलं, पन्हाळ्याचा रस्ता या ॲपवर नीट दाखवत नाही, जरा बघता का? आणि फोन तिच्यापुढं धरला. ती पोरगी मागं सरकली. दोन्ही हात तिनं ओढणीत गुंडाळून घेतले. म्हणाली, "मला देऊ नका ओ. माझ्या हातनं चुकतंय. एकदा लई मोठं नुकसान केलंय मी." ती हे हसून नाही म्हणाली, रागानं नाही. खरं असल्यासारखं म्हणाली. तिला आता तसंच वाटतं.

मग तिनं माझ्याकडं बोट दाखवलं — ह्या काकूंना विचारा, ह्यांना सगळं येतंय.

मी फोन घेतला आणि त्यांना रस्ता दाखवला.