मधलं दार

घरपट्टीचा कारकून म्हटलं की माणसं दार अर्धंच उघडतात. तेहतीस वर्षं मी ती नोकरी केली, त्यामुळे आमच्या गावातली बरीचशी माणसं मला अर्धीच ठाऊक आहेत. राजमतीबाई तेवढी पुरती ठाऊक झाली, आणि झाली नसती तर मला रात्री झोप बरी लागली असती.

राजमतीबाई म्हणजे कापडवाले केशरीचंद यांची विधवा. तिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. मागे उरलं ते दोन खोल्यांचं घर. मूगवड्या अन् पापड करून ती पोट भरायची. दिवस मावळल्यावर तोंडात अन्नाचा कण नाही, घरात कांदा-बटाटा नाही आणि जिभेवर खोटं नाही. पहिल्या दोन गोष्टी गावातल्या सगळ्या जैन बायका पाळायच्या. तिसरी पाळणारं माणूस मी हे एकच पाहिलं. लोकांचं खोटं पकडण्यावरच माझी नोकरी होती, तेव्हा या बाबतीत माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

एकसष्ट साली तिनं पुढची खोली पंधरा रुपयांनी भाड्यानं दिली. मदनसिंग नावाचा फिटर, आसेगावचा, इथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. उंचापुरा गडी, बोलणं मोजकं. पहिली चार-पाच वर्षं तो खरोखरच भाडेकरू होता. पुढं कधीपासून तो भाडेकरू राहिला नाही, ते त्या दोघांनाच माहीत.

गावाला संशय होता, पण हातात काही नव्हतं. कारण दर एक तारखेला सकाळी मदनसिंग ओट्यावर उभा राहून मागच्या महिन्याचे पंधरा रुपये द्यायचा आणि राजमतीबाई पावती फाडून त्याच्या हातात ठेवायची. आल्यागेल्यानं बघावं असं. त्याच पैशाची ज्वारी अन् तेल यायचं, आणि दिवस बुडायच्या आत दोघं एका चुलीवरचं जेवायची. तुम्ही म्हणाल, नाटक. तिच्या लेखी ते नाटक नव्हतं. कोणी विचारलं, "हा कोन?" तर "भाडेकरू" म्हणताना जीभ अडखळू नये, म्हणून ती खरोखर भाडं घेत होती. खोटं बोलायचं नाही म्हणून केलेला हा उपद्व्याप, आणि त्यानंच तिचा घात केला.

पंच्याहत्तरात आणीबाणी आली. आमच्या नगरपालिकेवर प्रशासक बसला. पहिल्याच दिवशी त्यानं आम्हा कारकुनांना उभं करून सांगितलं, "ज्याच्या वॉर्डात लपवलेलं भाडं निघेल, तो कारकून घरी जाईल." मला चार मुली होत्या. घरी जाणं मला परवडणारं नव्हतं.

त्या वर्षी घरपट्टीची फेरआकारणी निघाली. मालक स्वतः राहत असेल तर पट्टी नावापुरती, भाड्यानं दिलं असेल तर भाड्याच्या हिशोबानं. म्हणून नव्या फॉर्मात एक रकाना होता: घरात राहणाऱ्याचं नाव आणि मालकाशी नातं. भरलेली यादी पंधरा दिवस कचेरीच्या बाहेर फळ्यावर लागायची, कोणाला हरकत घ्यायची असेल तर घेता यावी म्हणून.

मी तिच्याकडे गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. मागच्या खोलीत दोन पितळी ताटं घासून भिंतीला टेकवलेली होती. दोन ताटं, दोन वाट्या, दोन गडवे. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनं पाहिलं.

"बाबूजी, बसा," ती म्हणाली. आवाज आत ओढल्यासारखा.

मी रकाना दाखवला. सगळं समजावून सांगितलं. दोन वाटा होत्या. 'घरचा माणूस' लिहिलं तर एक पैसाही वाढत नव्हता. 'भाडेकरू' लिहिलं तर वर्षाला अठरा रुपये, मागच्या सहा वर्षांची बाकी एकशे आठ, लपवली म्हणून तेवढाच दंड, सगळे मिळून दोनशे सोळा. दोनशे सोळा म्हणजे तिच्या वर्षभराच्या मूगवड्या.

"घरचा मनलं तं नातं काय लिहान?" तिनं विचारलं.

"तुमी सांगान ते."

"अन् ते यादी भायेर लागते?"

"पंधरा दिवस."

ती समोर बघायला लागली. रस्त्यापलीकडे सुगनचंदचं दुकान होतं. सुगनचंद तिचा सख्खा दीर. त्याचा डोळा त्या घरावर कधीपासून होता, आणि तो तिला तोंडावर बोलून गेला होता, "ज्या दिवशी त्या फिटरचं नातं कागदावर दिसन, त्या दिवशी समाजाचे चार लोक आनून घराले कुलूप ठोकतो. मंग दोघंबी जा, कुठं जाचं तं." कायदा काय म्हणतो ते मला माहीत होतं. घर तिच्या नावावर होतं आणि कोणाच्या बापाला कुलूप लावता आलं नसतं. पण कायदा अकोल्याला होता आणि सुगनचंद समोर होता. मी तिला कायदा सांगितला नाही. आपल्याला काय करायचं आहे, असं मनाशी म्हटलं.

ती भ्याली होती. पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलेलं की बोटाचं नख पांढरं पडलं होतं. "पावत्या हायेत, बाबूजी," ती शेवटी म्हणाली. "चौदा वर्साच्या हायेत. भाडेकरू लिहा." आणि पावतीपुस्तकांचा गठ्ठा स्वतःच काढून माझ्यासमोर ठेवला. अशा कामात पुरावा मागून मिळत नाही, आणि हिनं तो न मागता दिला.

मी लिहिलं. उठताना सवयीनं आणखी एक वाक्य बोललो. ते बोललो नसतो तर आज ही गोष्ट सांगायला बसलो नसतो. मी म्हणालो, "बाई, फेरतपासनीले सायब सोता येनार हाय. भाड्याची खोली अलग पाह्यजे. मधलं दार उघडं दिसलं तं तो एकच घर धरन, अन् मंग इचारन का हा मानूस कोन."

मदनसिंग तेव्हा दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. दंडासाठी त्यानं दुसऱ्या दिवशी आपली सायकल विकली. संध्याकाळी जिनिंगमधून चार इंची खिळे आणले आणि दोन्ही खोल्यांमधलं दार स्वतःच्या हातानं ठोकून बंद केलं. तो पुढच्या बाजूला, ती मागच्या. "साहेब येऊन गेला की काढू," असं ठरलं होतं म्हणे.

साहेब आज येईल, उद्या येईल. मागच्या खोलीचं दार बोळात उघडायचं. ती ताट झाकून बोळातून वळसा घालून पुढच्या ओट्यावर यायची, ताट ठेवायची आणि सुगनचंदकडे न बघता परत फिरायची. शेलूबाजारच्या रस्त्यानं एखादी सरकारी जीप गावात शिरली की ती हातातलं पापडाचं पीठ टाकून त्या दाराशी जायची आणि खिळे हलत तर नाहीत ना, हे चाचपून बघायची. मी वसुलीला गेलो की मला बघून तिचा चेहरा उतरायचा. "आले काय सायब?" एवढंच विचारायची. एका माणसाला दुसऱ्याची इतकी भीती वाटावी, आणि तो दुसरा मी असावा, याची मला तेव्हा लाज वाटली नाही. खरं सांगतो, थोडं बरंच वाटायचं.

सत्त्याहत्तरच्या मार्चात आणीबाणी उठली. प्रशासकाची बदली झाली. फेरतपासणीचे कागद मी स्वतः बांधून कपाटात टाकले. साहेब येणार नव्हता. कोणीच येणार नव्हतं. आठवड्यातून दोनदा मी त्या घरावरून जायचो. आज सांगू, उद्या सांगू. सांगितलं असतं तर तिनं दोनशे सोळा रुपयांचं विचारलं असतं, सायकलीचं विचारलं असतं. कोण उत्तरं देत बसणार? मी सांगितलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात उन्हानं कहर केला. मदनसिंगला जिनिंगमधून येताना ऊन लागलं. पायी यायचा ना तो. दोन दिवस तापानं पडून होता, आतून कडी लावून. ती बंद दाराला तोंड लावून विचारायची, "फिटरजी, पानी पेले काय?" घरातही ती त्याला फिटरजीच म्हणायची. तो बोलण्याऐवजी दारावर दोनदा टकटक करायचा. म्हणजे बरा आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, आणि टकटक आली नाही. तिनं परत विचारलं. मग ते दार ओढलं. खिळे चार इंची होते. बोळातून धावत रस्त्यावर यायचं तर समोर दीर दुकानात बसलेला, भर दुपारी, डोक्यावर पदर नाही, अशी भाडेकरूच्या दाराशी जाऊन काय ओरडायचं? ती अर्धा तास त्या दाराशी बसून राहिली. हे तिनंच मला नंतर सांगितलं. अर्ध्या तासानं ती बाहेर आली.

मी त्याच गल्लीत वसुलीला होतो. दोघांना हाताशी धरून मी कडी तोडली. मदनसिंग मधल्या दाराशी पडला होता, एक हात दाराकडे. राजमतीबाई ओट्यावर उभी होती. उंबरा ओलांडून आत आली नाही. रडलीही नाही. सुगनचंद दुकानाच्या पायरीवर येऊन बघत होता.

आसेगावहून भाऊ आला, मोहनसिंग. सरळ शेतकरी माणूस. बैलगाडीत भावाला ठेवलं, ट्रंक ठेवली आणि हात जोडून तिच्यापुढं उभा राहिला. "बाई, तुमी मायबापावानी ठेवलं माह्या भावाले. कोनाचं देनं ठेवून गेला असं नोको. भाडं किती बाकी हाय?"

चाळीस माणसं जमली होती. सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती. नाही म्हणाली असती तर ते खोटं झालं असतं, आणि नको म्हणाली असती तर गावानं का ते विचारलं असतं.

"या मयन्याचं," ती म्हणाली. "पंधरा रुपये."

त्यानं कंबरेच्या पिशवीतून मोजून दिले. तिनं घेतले. आत जाऊन पुस्तक आणलं आणि पावती फाडून दिली. अक्षर नेहमीसारखं होतं. गाडी वळणाआड गेल्यावर लोक पांगले. मी माझी वही उघडून खाली मान घालून उभा होतो.

चौदाव्या दिवशी ती कचेरीत आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच तिथं आली होती. माझ्या टेबलासमोर उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाबूजी, भाडेकरू गेला," ती म्हणाली. "आता मधलं दार उघडलं तं चालन काय?"

माझ्यामागच्या कपाटात ते कागद चौदा महिन्यांपासून पडून होते.

"चालन, बाई," मी म्हणालो.