पास झालेली आत्या

आत्याचा आवाज फार मोठा होता. तिचे वडील नाना, म्हणजे माझे आजोबा, ठार बहिरे. त्यांच्याशी बोलता-बोलता तिचा गळाच तसा झाला. ती बालविधवा, माहेरीच असे. नौपाड्यातल्या बायका टोमणा मारत, "अशा बाईनं भिंतीलाही ऐकू जाऊ नये असं बोलावं." आत्या म्हणे, "भिंत आधी बोलू दे, मग मी हळू बोलेन."

ठाण्याच्या दवाखान्यात सुईणींचा वर्ग निघाला, तेव्हा घरच्यांचा विरोध सोसून ती गेली. तिथे तिला बाळकुमची येसू भेटली. मिठागरावर राबणाऱ्या आगरी घरातली, तीही विधवा. पास झाल्यावर दोघींनी कल्याणच्या दवाखान्यात काम धरायचे आणि एकाच खोलीत राहायचे, असे ठरले. माझे वडील कडाडले, "आगरणीबरोबर एका चुलीवर?"

"दोन चुली मांडू, दादा. दार मात्र एकच."

परीक्षा तोंडी होती. मुंबईहून परीक्षक आले, सगळे पुरुष. बाळंतपणातल्या ज्या गोष्टी बायका आपसांतही कुजबुजत, त्या परक्या पुरुषांपुढे उघड सांगायच्या. एकेक बाई आत जाई, पदर ओढून मान खाली घाली आणि नापास होऊन बाहेर येई. काही तर उंबऱ्यावरूनच परतल्या. आत्याच्या बरोबरीने बाळंतिणी सोडवणाऱ्या येसूच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

आत्या तेवढी पास झाली. पण ती जागची हलेना. "साहेब, मध्ये पडदा लावा आणि येसूला पुन्हा विचारा."

"पडद्याआडून कुणी उत्तर सांगितलं तर?"

"मग खाटेपाशी चला. तिचं काम बघा."

"बाळंतिणीच्या खोलीत आम्ही पुरुषांनी यायचं?" परीक्षक म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले. निकाल मात्र बदलला नाही.

"मी पास झाले ती नानांच्या बहिरेपणामुळे," आत्या पुढे सांगे. सांगताना हसत नसे.

कल्याणला ती एकटीच गेली. बाळंतपणाला तिला बोलावणे येई, बारशाला येत नसे. सुट्टीत मी गेलो की माझ्या हातातले पुस्तक मोठ्याने वाचायला लावी. "अर्थ राहू दे. घरात दुसरा आवाज हवा."

ती वारली, तेव्हा मी बाळकुमला सांगायला गेलो. येसूमावशीने बसायला पाट दिला. 

"खोली केवरी व्हती रं?"

"लहानच होती."

"आमा दोगींना पुरली आसती?"

"पुरली असती, मावशी."