कॅन्टीनच्या खिडकीतला कोच

ड्राय लेक गावात ऑरेस्ट हावरिलक दिवसा शाळेची बस हाकी आणि संध्याकाळी मुलींचा बर्फावरच्या हॉकीचा संघ. दोन्ही एकाच रीतीने. बसचे थांबे ठरलेले, तशा पोरींच्या जागाही. फळ्यावर तो निळे बाण काढी आणि बाणाबाहेर कुणी घसरली, की तिची रवानगी बाकावर. संघातल्या शायलाने एकदा स्वतःच्या डोक्याने गोल केला, तेव्हा तो म्हणाला होता, "गोल बरा होता. पण तुला विचारलं कुणी?"

एकोणीस वर्षांत ते बाण आसपासच्या गावांना पाठ झाले. यंदा संघाच्या समितीने गोड बोलून सांगून टाकलं, की घरच्या मैदानावरची ही शेवटची मॅच हरलात तर दुसरा कोच बघू. त्यात समोरची कोच डार्सी म्हणजे त्याचीच जुनी चेली. हा तोंड उघडायच्या आत ती आपल्या पोरींना पुढचा बाण सांगून मोकळी. मॅचच्या तीन भागांपैकी दोन संपले तेव्हा ऑरेस्टचा संघ दोन-शून्यने मागे.

तेवढ्यात त्याची बायको सोन्या ॲप्रन घेऊन आली. कॅन्टीनमध्ये कुणी कधी राबायचं, त्याचा तक्ता तिच्या ताब्यात. तिसऱ्या भागापुढे नाव होतं ऑरेस्टचं.

"आज? सोन्या, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मॅचच्या दिवशी अदलाबदल नाही, मेयर आला तरी नाही. नियम कुणी केला होता?"

नियम त्यानेच केला होता. तक्ता ऑक्टोबरमध्येच लिहिला, असं सोन्या आजही शपथेवर सांगते. शाई मात्र ताजी होती.

बाकावर उरले गावच्या चर्चचे फादर मेथोडियस. सहायक म्हणून कागदावर नाव त्यांचं, पण जानेवारीच्या सणाला पवित्र पाणी शिंपडण्यापुरताच त्यांचा बर्फाशी संबंध. शायलाने विचारलं, आता काय करायचं?

"मला काय कळतंय, बाळ? तुम्हीच ठरवा. मी बर्फावर जायचं दार उघडतो."

पोरी आधी गांगरल्या, मग त्यांच्यात कुजबुज झाली, मग कुणीतरी फिदीफिदी हसलं.

कॅन्टीनची काच वाफेने धुरकटलेली. ऑरेस्टला नुसता आरडाओरडा ऐकू येई आणि कोणाचा ते कळेना. तळायला टाकलेले चिप्स करपले. शेवटी त्याने बाहीने काच पुसली, तर गुणफलकावर आपल्या संघाच्या नावापुढे तीनचा आकडा. आणि शायला भलत्याच दिशेला निघालेली. तो ओरडलाही, पण मध्ये काच. तिने खेळाची रबरी चकती मागच्या भिंतीवर आपटून स्वतःच काठीवर घेतली आणि डार्सी कपाळाला हात लावून बसली.

संघ तीन-दोनने जिंकला. पुढच्या वर्षीही तूच कोच, म्हणत समितीने करपट वासातच त्याचा हात हातात घेतला.

"असं खेळायला कुणी सांगितलं?" त्याने शायलाला विचारलं.

"कुणीच नाही, कोच."

घरी सोन्याने पुढच्या वर्षाचा तक्ता समोर ठेवला. घरच्या प्रत्येक मॅचच्या तिसऱ्या भागापुढे एकच नाव.

"माझ्याकडून चिप्स करपतात," तो पुटपुटला.

"करपू देत," सोन्या म्हणाली आणि पेन पुढे केलं.

त्याने मुकाट्याने सही केली.