पोटापर्यंत पोचणारे किरण

वहिनीच्या डोक्यात गाठ निघाली तेव्हा तिला सहावा महिना लागला होता. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणापर्यंत थांबता येणार नाही, डोक्याला रेडिएशन द्यावंच लागेल. मी कॅन्सरच्या रुग्णालयात रेडिएशनचं मोजमाप करते, त्यामुळे भाईंदरच्या आमच्या घरात सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाळाला किती लागेल ते सांग. घरात जाणकार असला की घराला आधार वाटतो आणि जाणकाराची झोप उडते.

किरण सोडतात डोक्यावरच, पण थोडे मशीनमधून गळतात, थोडे इकडेतिकडे विखुरतात. उपचाराची आखणी करणारा कॉम्प्युटर डोक्यातलं चोख सांगतो. पोटापाशी काय पोचतं ते विचारलं की जवळजवळ शून्य दाखवून मोकळा होतो. म्हणून आम्ही प्लास्टिकचा पुतळा टेबलावर झोपवला, त्याच्या पोटाच्या जागी किरण मोजणाऱ्या बारीक चकत्या बसवल्या आणि वहिनीला द्यायचे किरण आधी त्याच्यावर सोडले. आकडा छोटा आला. ज्याच्या पुढे बाळात व्यंगाची भीती धरतात, त्याच्या बराच खाली. पण छोटा म्हणजे काहीच नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मोठेपणी या पोराला काही होईल का, ते कुठलीच चकती सांगत नाही.

दादा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला आहे. उपचाराच्या पहिल्या दिवशी त्याने पिशवीतून एक चकचकीत कवच काढलं. परातीचा पत्रा ठोकून केलेलं, पोटाच्या गोलाईचं, कडा टोचू नयेत म्हणून घासून गुळगुळीत केलेल्या.

मी भडकलेच. "अरे दादा, हा काय पोह्यांचा डबा आहे? हे किरण असल्या पत्र्याला भीक घालत नाहीत."

"मग डबल पत्रा मारतो ना. शेठला बोलून ठेवलंय."

मी त्याला आमचं शिसं दाखवलं. विटेएवढा जाड थर, वहिनीच्या पोटावर कमानीसारखा धरायला चाकांच्या स्टँडवर बसवलेला. दादा त्याच्यावरून हात फिरवत राहिला.

"मग आता काहीच जाणार नाही ना?"

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

"मशीनमधून गळतं ते बरंचसं अडेल," मी म्हटलं. "पण थोडं वहिनीच्या डोक्यातून, तिच्या अंगातूनच खाली उतरतं. तिथे मध्ये काही घालता येत नाही."

दादाचं लक्ष नव्हतं, तो कवच परत पिशवीत भरत होता. टेबलावर बसलेल्या वहिनीने मात्र ऐकलं.

"म्हणजे वन्सं, बाळाला माझ्यातूनच लागतंय?"

मी हो म्हटलं.

तोवर तिचा हात पोटावर होता. तो तिने उचलला आणि बाजूला ठेवला. उपचार संपेपर्यंत तिने पोटावर हात ठेवलेला मी पाहिला नाही.