तिसावा फटका

बियाणं उगवलं की नाही, एवढंच ठरवण्यात काटाबाईंची एकतीस वर्षं गेली. बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, उबदार कपाटात ठेवायचे आणि सातव्या दिवशी मोजायचे. मूळ आलं पण कोंब नाही, तर नाही उगवलं. कोंब आला पण पिळवटलेला, तरी नाही उगवलं. गेल्या वर्षी एक बियाणेवाला काकुळतीला येऊन म्हणाला, "बाई, अहो, तो बघा ना, डोकं वर काढतोय बिचारा." काटाबाईंनी चिमट्याने तो दाणा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "घरी न्या. तुमच्या अंगणात उगवला तर मला कळवा. माझ्या कागदावर नाही उगवला."

काटाबाई हे नाव त्यांना त्या बियाणेवाल्यानेच ठेवलं, आणि ते त्यांच्या आधी घरी पोहोचलं.

शनिवार-रविवार मात्र त्या दाण्यांऐवजी फटके मोजत. गावातल्या आइस रिंकवर बर्फावरच्या हॉकीचे सामने होत. एका टोकाला, जाळ्याच्या मागे उंचावर काचेची एक खोली होती. तिच्यात बसून कोणत्या संघाने गोलावर किती फटके मारले याची नोंद ठेवायचं काम गेली सतरा वर्षं त्यांच्याकडे होतं. डाव्या हातात एक टकटक्या, उजव्या हातात एक. फटका झाला की अंगठा दाबायचा, आकडा एकाने पुढे. पण झाला म्हणजे काय? गोलरक्षक मध्ये नसती तर ती काळी रबरी चकती जाळ्यात गेली असती का? गेली असती, तर फटका. बाहेरून जाणारी चकती तिने हौसेने झेलली, तर तो तिचा छंद, फटका नव्हे.

जाळ्याकडे बघून हे ठरवता येत नाही, असं काटाबाईंचं ठाम मत. जाळं पांढरं, बर्फ पांढरा, आणि गोलरक्षक म्हणजे गाद्या बांधलेलं कपाट. म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी समोरच्या काचेवर निळ्या चिकटपट्टीच्या दोन उभ्या रेघा चिकटवल्या होत्या, आणि पलीकडच्या जाळ्यासाठी वरती दोन छोट्या. त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या उशीवर, पाठ टेकून बसलं की त्या रेघा आपापल्या जाळ्याच्या दोन खांबांवर बरोबर बसत. रेघांच्या आत चकती, अंगठा खाली. रेघांच्या बाहेर, अंगठा जागेवर.

आता यात अडचण एवढीच, की गावच्या संघाची गोलरक्षक त्यांची सून होती.

ज्यांना या खेळातलं कळत नाही, त्यांना वाटेल की सासूने कमी फटके मोजले म्हणजे सुनेवर मेहेरबानीच केली. उलट. गोलरक्षकाची किंमत टक्केवारीवर ठरते: शंभर फटक्यांतले किती अडवले. गोल तर जे व्हायचे ते होतात, लपत नाहीत. मग अडवलेले फटके कमी मोजले की टक्केवारी पडते. शेजारच्या गावच्या रिंकवर मोजणारा माणूस दिलदार होता. जाळ्याच्या दिशेने कोणी शिंकलं तरी त्याचा अंगठा खाली जाई. तिथे खेळणाऱ्या गोलरक्षकांच्या टक्केवाऱ्या दुधासारख्या उतू जात. सून इथे चार वर्षं उभी होती आणि सासू वर बसून तिचे फटके चाळत होती.

गावात सगळे म्हणत, "सुनेवर सूड उगवतेय." सून म्हणे, "छे हो, त्या मला वरणातही मीठ मोजूनच घालतात."

त्या वर्षी महिलांची आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा या दोन गावांत मिळून भरली, आणि देशाच्या संघाची गोलरक्षक म्हणून सुनेची निवड झाली. मोजणाऱ्यांकडून एक अर्ज भरून घेतला होता. त्यात रकाना होता, कोणत्याही खेळाडूशी नातं आहे का. काटाबाईंनी लिहिलं, 'आहे. सून.' स्पर्धेचे आकडेप्रमुख, लॅपटॉप कुशीत घेऊन फिरणारे एक तरुण गृहस्थ, यांनी मागच्या चार वर्षांचे आकडे काढून बघितले आणि म्हणाले, "मॅडम, असं नातं असेल तर आमची काही हरकत नाही."

सून तेहतीस वर्षांची होती. दोन्ही गुडघे बोलायला लागले होते. ही स्पर्धा झाली की थांबायचं, हे तिने डॉक्टरला आणि नवऱ्याला सांगून टाकलं होतं. सासूला सांगितलं नव्हतं, पण जिना उतरताना ती कठड्याला धरून कुठल्या पायरीवर थांबते, हे सासूने मोजलं होतं. सर्वोत्तम गोलरक्षकाचा चषक टक्केवारीवर मिळायचा, आणि शेवटच्या दिवशी त्यासाठी दोघीच उरल्या होत्या: विजेत्या संघाची लांब वेणीवाली, जिचे सगळे सामने शेजारच्या गावी झाले होते, आणि इथे सासूसमोर खेळलेली ही. अंतिम सामना आदल्या दिवशीच झाला होता, त्यामुळे वेणीवालीचे सामने संपले होते. एकशे दोन फटके, सात गोल, त्र्याण्णव पूर्णांक चौदा शतांश टक्के. सुनेचा तिसऱ्या जागेसाठीचा सामना बाकी होता.

"आई," सकाळी मुलगा चहाच्या कपात बघत म्हणाला, "दोन गोल झाले तर तीस फटके लागतील. एकोणतीस झाले तर ती एका शतांशाने मागे राहते."

"मग तिला सांग, दोन होऊ देऊ नको."

"मी तुला सांगतोय."

"मला कशाला? मी काय चकती मारणार आहे?"

काटाबाईंचे यजमान टोस्टमागे लपले. ते रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवत, आणि त्यासाठी काढलेलं जाळं खुंट्यांनी बर्फातल्या भोकांत परत बसवत. हत्तीएवढ्या त्या यंत्रावर बसून दोन सत्रांच्या मध्ये ते गोल गोल फिरत, लोक टाळ्या वाजवत, आणि त्यांना वाटे की टाळ्या आपल्याला आहेत.

सामना तीन-दोन असा जिंकला. गाव नाचलं. काटाबाईंनी उजव्या हातातला, सुनेच्या जाळ्याचा टकटक्या उलटा करून चष्म्याजवळ नेला.

एकोणतीस.

मुलगा काचेच्या खोलीच्या दारात उभा होता. त्याने आईच्या हाताकडे बघितलं, मग आईच्या तोंडाकडे, आणि दार हळूच ओढून घेऊन खाली निघून गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं काटाबाईंना वाटलं. आकड्यांचा कागद आकडेप्रमुखांकडे सही करून द्यायला अजून पाऊण तास होता. तो त्यांनी घडी न घालता पदराआड धरला आणि कपडे बदलायच्या खोलीकडे गेल्या. सुनेला आधी आपण सांगावं, एवढंच मनात होतं.

सून बाकावर बसून पायावरच्या गाद्या सोडवत होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले. खोलीत ओल्या चामड्याचा वास भरलेला.

"एकोणतीस," काटाबाई म्हणाल्या.

सून एक पट्टा सोडवायची थांबली. मग तोच पट्टा पुन्हा सोडवायला लागली.

"बरोबर असेल मग," ती म्हणाली. "तुम्ही बसा ना, आई. उभ्या का? बघा, हे कोपर बघा माझं. दुसऱ्या सत्रात दोनदा आपटलं. डावा खांब कुठे पळाला होता कोण जाणे. मी हात टेकायला जावं तिथे खांब नाही, आणि नसावा तिथे आहे. म्हटलं, झालं, म्हातारी झाले."

काटाबाई बसल्याच नाहीत.

"दुसऱ्याच सत्रात?"

"हो. बाजू बदलतात ना, पहिल्यात आणि तिसऱ्यात मी पलीकडच्या जाळ्यात होते. का हो?"

तोपर्यंत सासू दाराबाहेर होती.

यजमान यंत्राच्या खोलीत पान्याने कसलातरी बोल्ट पिळत होते. बायकोला बघून त्यांनी तो आणखी जोरात पिळला.

"अहो, दुसऱ्या सत्राआधी जाळं कुठल्या भोकांत बसवलंत?"

"जाळ्याच्या."

"जाळ्याची भोकं चार आहेत. दोन नवी, आणि दोन मागच्या वर्षी बर्फ रंगवायच्या आधीची. ती बुजवायची राहिलीत हे मी तुम्हाला चारदा सांगितलंय."

"पाचदा," यजमान हळूच म्हणाले.

"मग?"

"अगं, टाळ्या चालू होत्या. लोक नाव घेऊन ओरडत होते. मी एका हाताने जाळं लोटलं, खुंट्या खट्‌कन बसल्या. बसल्या म्हटल्यावर मला काय वाटणार? पुढच्या मध्यंतरात परत काढलं तेव्हा लक्षात आलं. गुपचूप नीट लावलं. कुणाला कळलं नाही."

"किती सरकलं होतं?"

यजमानांनी पाना खाली ठेवून हाताची चार बोटं एकत्र धरून दाखवली. डावीकडे.

काटाबाईंनी डोळे मिटले. वीस मिनिटं त्यांच्या निळ्या रेघा एका अशा जाळ्याकडे बघत होत्या, जे तिथे नव्हतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चुकीचं मोजलं होतं, आणि अंगठा तर बरोबर चालला होता.

"मला घटस्फोट देशील का?" यजमानांनी विचारलं.

"आधी फटके मोजू दे."

आकडेप्रमुख लॅपटॉपवर जेवत होते. काटाबाईंनी सगळं सांगितलं. भोकं, रेघा, चार बोटं, कोपर. त्यांनी चमचा खाली ठेवून नियमांचं पुस्तक उघडलं. खुंट्या बसलेल्या होत्या, सामना खेळला गेला, निकाल बदलत नाही. फटक्यांची नोंद मात्र सही होईपर्यंत दुरुस्त करता येते.

"पण मॅडम, गोलरक्षक तुमची सून आहे."

"म्हणून तर मी बघणार नाही. तुम्ही बघा. आणि त्या वेणीवालीच्या संघातलं कुणीतरी बोलवा. मी नुसती बसते."

वेणीवालीच्या संघाची प्रशिक्षक आली, हातात सफरचंद घेऊन. मुलगाही कुठूनसं कळून आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. जाळ्यामागच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. या चित्रात निळ्या रेघा नव्हत्या. जाळं होतं तिथेच होतं, चार बोटं डावीकडे. काटाबाई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या, कारण अंगठे आपोआप हलत होते.

सहाव्या मिनिटाला डावीकडून एक फटका आला. सुनेने हातमोज्यात झेलला. त्यांनी तो बाहेरचा म्हणून सोडला होता.

"आत," आकडेप्रमुख म्हणाले.

"आत," प्रशिक्षक सफरचंद चावत म्हणाली.

तीस. मुलाने भिंत सोडली.

चौदाव्या मिनिटाला तसाच दुसरा, पायावरच्या गादीने अडवलेला. "आत." "आत." एकतीस. मुलगा आईच्या गळ्यात पडायच्या बेतात होता.

"थांबा," काटाबाई म्हणाल्या. "अठरावं मिनिट लावा."

"आई!"

"जाळं डावीकडे सरकलं, म्हणजे उजवा खांबही सरकला ना? उजवीकडचा एक मी मोजलाय. लावा."

आकडेप्रमुखांनी लावला. पुढे नेला, मागे आणला, चित्र थांबवलं. चकती उजव्या खांबाला बाहेरून चाटून निघाली होती. प्रशिक्षिकेने सफरचंद तोंडातून काढलं आणि काटाबाईंकडे असं बघितलं, जणू ती चुकीच्या संघाला प्रशिक्षण देत असावी.

"बाहेर," ती म्हणाली.

तीस.

मुलाने फोनवर हिशोब केला, मग पुन्हा एकदा केला. एकशे एकसष्ट फटके, अकरा गोल. त्र्याण्णव पूर्णांक सतरा. तीन शतांशांनी वर. काटाबाईंनी कागदावरचा एकोणतीस खोडला, शेजारी तीस लिहिला, खोडलेल्यावर छोटी सही केली आणि खाली मोठी.

संध्याकाळपर्यंत गावाने आपला निकाल लावून टाकला होता. पाववाला म्हणाला, "शेवटी सासूच ती. द्रवलं ना मन?" प्रयोगशाळेतल्या साहेबांनी फोन करून सांगितलं, "एखादा दाणा कधी कधी उगवला म्हणायचा असतो, बाई. छान केलंत." चार वर्षं सुनेचे फटके कापले तेव्हा कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं, आता बरोबर मोजले, तर जो तो डोळा मारत होता. काटाबाई प्रत्येकाला थांबवून भोकांची गोष्ट सांगत. ऐकणारा शेवटी हसून म्हणे, "हो हो, भोकं."

बक्षीस समारंभानंतर रिंक रिकामं झालं. सून चषक काखेत मारून सासूजवळ आली. आजूबाजूला बघितलं.

"आई, खरं सांगा. माझे गुडघे बघून नाही ना मोजलेत?"

लोकांचं काटाबाईंनी सहन केलं होतं. हे त्यांना लागलं. त्यांनी सुनेचं मनगट धरलं आणि तिला ओढत बर्फावर नेलं. एकीच्या पायात चपला, दुसरीच्या पायात मोजे. यंत्रावर बसलेले यजमान बर्फ साफ करायला निघाले होते. ते मध्येच थांबले.

"वाक," काटाबाई म्हणाल्या. "हे नवं भोक. हे जुनं. बोटं घाल."

सून गुडघ्यावर बसली, कण्हली, आणि दोन भोकांच्या मध्ये बोटं टेकवून बघितली. पुन्हा एकदा टेकवली. मग तिने मान वर केली. डोळ्यांत आतापर्यंत कधी न दिसलेली एक कडक चमक होती.

"आई, चार नाहीत."

"काय?"

"साडेतीन. साडेतीन बोटं आहेत. चारला जाळं धरून मोजलं असेल तर तो चौदाव्या मिनिटाचा..."

"कुणाची साडेतीन? तुझी? तुझी बोटं म्हणजे काकड्या आहेत! आणि मोजलं चित्रावर, बोटांवर नाही!"

"तरीपण एकदा नीट बघायला नको?"

काटाबाई बर्फावर तिच्यासमोर बसल्या. तोंडावर राग होता, पण तो फार वेळ टिकेना. "सरक," त्या म्हणाल्या आणि आपला हात तिच्या हाताशेजारी टेकवला. "नीट धर. हलवू नकोस. अहो, तुमच्याकडे टेप आहे का?"

यजमानांनी यंत्राचा भोंगा वाजवला. दोघींपैकी कुणीही वर बघितलं नाही.