वहिनीने भरलेली कांडी

शेजारच्या वकिलांच्या घरी गेल्या आठवड्यात शिवणाचं मशीन आलं. आमची आणि त्यांची भिंत एकच. दुपारी पुरुष माणसं कामावर गेली, भांडीकुंडी आवरून झाली, की आमच्या ह्या कल्याणच्या आळीत अशी शांतता पसरते की पलीकडे कुणी सुपारी कातरली तरी ऐकू यावी. त्या शांततेत वकिलांची सून मशीनला तेल घालते आणि त्याचा वास खिडकीतून माझ्या माजघरात येतो. थंड, लोखंडी, किंचित कडवट वास. मग एक बारीक, एकसुरी घरघर सुरू होते. ती सुताची कांडी भरत असते. मशीन शिवू लागलं की आवाज तुटक येतो, कांडी भरताना मात्र तो सलग येतो, भिंतीवर भुंगा फिरत राहावा तसा. एवढं मला न बघताही कळतं, कारण हे सगळं मी पूर्वी जवळून पाहिलं आहे. जिनं ते दाखवलं तिचं मी वाटोळं केलं असं म्हटलं तर कदाचित जास्त होईल. पण तिच्या आयुष्यात एकदाच एक दार उघडलं होतं आणि ते माझ्या तोंडच्या शब्दांनी बंद झालं, एवढं नक्की. आजवर हे तिसऱ्या कुणाला सांगितलं नाही. तुम्ही माझ्यासारखेच मागचं उकरत बसणारे असाल, तर ऐका.

माझं माहेर ठाण्याला, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. वडील लवकर गेले. घरात आई, थोरले दादा, वहिनी आणि मी, एवढीच माणसं. दादा कचेरीत कारकून होते. साहेबाच्या घरी जे दिसेल ते आपल्याकडे असावं असा त्यांना नाद. आधी भिंतीवरचं घड्याळ आलं, मग काचेचा टांगता दिवा. आणि एका रविवारी, मी अकरा वर्षांची असताना, मुंबईहून आगगाडीनं आलेली एक लाकडी पेटी स्टेशनातून बैलगाडीत घालून त्यांनी आमच्या ओटीवर उतरवली. आत गवताच्या काड्यांत रुतून बसलेलं हातानं फिरवायचं मशीन होतं. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. आईनं दुरूनच पाहिलं आणि म्हणाली, "हे काय नवीन? ओटीवर शिंप्याचं दुकान मांडतोस की काय?"

"विलायतेत मोठमोठ्या लोकांच्या दिवाणखान्यात असतं हे, आई," दादा म्हणाले. "तुला नाही कळायचं."

कळत त्यांनाही नव्हतं. बरोबर आलेलं इंग्रजी चोपडं ते मोठ्यानं वाचत, मान डोलावत आणि दांडा फिरवीत. चार टाके पडत आणि खाली दोऱ्याचा हा एवढा गुंता होई. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी त्यांनी मशीनवर रेशमी रुमाल टाकला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसतं दाखवायला सुरुवात केली. माणसं वेलबुट्टीवर बोट फिरवून "वा!" म्हणत, आणि तेवढ्यावर दादांचं भागे.

वहिनी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिचं माहेर भिवंडीचं, घराला लागून विणकरांची वस्ती. लहानपणी ती त्यांच्या मागांपाशी जाऊन बसे आणि बायकांच्या शेजारी कांड्या भरू लागे. अक्षरओळख तिला नव्हती, पण तिची बोटं विलक्षण हुशार होती. फुलपुडीचा दोरासुद्धा ती फेकत नसे, करंगळीला गुंडाळून ठेवी. दादा मशीनशी झगडत होते तेव्हा ती दाराआडून त्यांच्याकडे नाही, त्यांच्या हातांखालच्या दोऱ्याकडे बघत होती.

एका दुपारी आई कीर्तनाला गेली आणि वहिनीनं रुमाल उचलला. "वन्सं, इकडे या जरा," ती म्हणाली. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान, पण नणंद. त्यामुळे ती मला अहोजाहो करी आणि मी तिला अगंतुगं. तिनं मशीनखालची पट्टी सरकवली आणि आतून होडीच्या आकाराची लोखंडी डबी काढली. "हा बघा धोटा. मागावर असतो तसाच, फक्त इवलासा." धोट्याच्या पोटात एक लांबट बारीक कांडी होती. दादांनी भरलेलं सूत तिच्यावर मधोमध फुगलं होतं. "कांडी पोटाशी फुगली की धोट्यात अडकते. मग खालचा दोरा येणार कुठून?" तिनं ते सगळं सूत उलगडून टाकलं, कांडी चाकाच्या बाजूच्या खिट्टीवर चढवली आणि मला दांडा फिरवायला सांगितलं. दोरा दोन बोटांत धरून ती तो ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नेई, परत आणी, पुन्हा नेई. त्या वेळी ती श्वाससुद्धा जपून घेत असावी. कांडी भरली तेव्हा तिच्यावर सूत इतकं सारखं बसलं होतं की ते गुंडाळलेलं आहे असं वाटेना, कुणीतरी ओतलं आहे असं वाटे.

सुई उलटी बसलेली होती, तेही तिनंच शोधलं. सुईच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत बारीक पन्हळ असते. दोरा त्यातून उतरायचा, तर ती दोरा ओवायच्या बाजूला हवी. हे तिला कुणी सांगितलं? कुणी नाही. चोपड्यातल्या चित्रावर तिनं नख टेकवलं आणि पाच मिनिटं नुसती बघत राहिली, एवढंच. मग वरचा दोरा डाव्या हातात धरून ती म्हणाली, "एकच फेरा, हळू." मी दांडा फिरवला. सुई खाली गेली, वर आली, आणि वरच्या दोऱ्याच्या फाशात गुंतून खालचा दोरा अलगद वर आला. वहिनी हसली. माझ्या भावाच्या घरात तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं पाहिलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले फार गोड दिवस होते, आणि तेच आठवताना आज तोंड कडू होतं. उशांचे अभ्रे झाले, शेजारच्या तान्ह्या मुलांची अंगडी-टोपडी झाली. समोरच्या मुलीच्या परकराला वहिनीनं अशी दुमड घातली की ती शाळाभर मिरवत हिंडली. आई कुरकुरे, पण शेजारणी वाखाणू लागल्यावर गप्प झाली. दादांना तर सगळं ठाऊकच होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच केलं की मित्र आले की वहिनीनं शिवलेला अभ्रा पुढं करून म्हणू लागले, "अखेर जमवलं बरं का! फार नाजूक यंत्र आहे." वहिनी आतून हे ऐके आणि भाजी चिरत राही.

मग एक दिवस आमच्या मास्तरीणबाई घरी आल्या. 'आमच्या' म्हणते, पण ती शाळा माझी सुटली होती. तिसरं पुस्तक अर्ध्यावर असताना माझ्यासाठी स्थळं बघायला लागले आणि आईनं पाटी-दप्तर उचलून माळ्यावर टाकलं. बाई पुण्याला शिकून आलेल्या, विधवा, ताठ पाठीच्या. परक्या घरी बोलायला जायचं म्हणजे केवढं धाडस, ते आज कळतं. दादा आणि त्यांचे दोन मित्र ओटीवर बसले होते.

"शाळेला एका शेठजींनी मशीन दिलंय," बाई म्हणाल्या, "ते धूळ खात पडलंय. परकराची दुमड पाहिली एका मुलीच्या. तुमच्या घरात कुणी बाईमाणूस ते चालवत असेल, तर दुपारचे दोन तास मी तिला शाळेत नेईन. मुली शिकतील. ने-आण मी स्वतः करीन. शिकवणारीण म्हणून तिचं नावही लागेल."

दादांनी मित्रांकडे पाहिलं. "मशीन मीच लावलंय," ते म्हणाले. "बायकांचं काम नव्हे ते."

बाईंना ते पटलं नसावं. त्या माझ्याकडे वळल्या. मी खांबाला टेकून उभी होते. "ही माझी विद्यार्थिनी. ही खोटं बोलायची नाही. सांग ग, कांडी कोण भरतं तुमच्याकडे?"

त्या क्षणाला मी पुष्कळदा फिरून फिरून बघितलं आहे. दादांची भीती होती का? थोडी होती. पण खरी गोष्ट तेवढीच नव्हती. मला डोळ्यांपुढं दिसलं ते शाळेचं अंगण, माझ्या मैत्रिणींचा घोळका आणि त्यांच्या मधोमध बसलेली वहिनी. जी शाळा माझी सुटली तिथं ती जाणार. जिला 'ग'सुद्धा काढता येत नाही ती. मी म्हणाले, "दादाच भरतात." इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हणाले, "वहिनीला काहीच येत नाही."

हे दुसरं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं.

वहिनी त्याच वेळी बाईंसाठी गूळपाणी घेऊन दारात आली होती. तिनं तांब्या आणि गुळाची वाटी बाईंच्या समोर ठेवली, पदर सावरला आणि आत गेली. बाईंनी पाणी घेतलं. दादा भरात आले होते. म्हणाले, "तुमचं मशीन मी येऊन लावून देतो की! परवाच येतो."

शाळेत जायच्या आदल्या संध्याकाळी दादा माजघरात आले. खाकरून वहिनीला म्हणाले, "ते कांडीचं जरा एकदा दाखव पाहू. म्हणजे मला येतंच, पण आपलं..."

वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कुठं काय येतं? वन्संनी सांगितलंय सगळ्यांसमोर."

"हे बघ, उगाच आडमुठेपणा नको."

"अहो, नाही येत मला," ती म्हणाली. आवाज चढला नाही. दादा बाहेर निघून गेले. ते मला विचारायला आले, पण मी तर फक्त दांडा फिरवणारी. माझे डोळे सगळं शिकले होते, हातांना त्यातलं काही येत नव्हतं.

शाळेत काय झालं ते समोरच्या मुलीनं धावत येऊन सांगितलं. "अगं, तुझ्या दादांनी दोऱ्याचं घरटं केलं! सुईपण मोडली! सगळ्याजणी इतक्या हसल्या, बाईसुद्धा तोंड फिरवून हसल्या." दादा घरी आले ते सरळ मशीनकडे गेले. पट्टी सरकवली, धोटा काढला, कांडीसकट आपल्या मेजाच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं. त्यानंतर पाहुणे आले की रुमाल उचलून सांगत, "एक सुटा भाग विलायतेहून यायचा आहे." शाळेत महिन्याभरानं एक म्हातारा शिंपी येऊ लागला. मुली त्याच्याकडून काज करायला शिकल्या, असं कानावर आलं. आणि वहिनी रोज सकाळी केर काढताना त्या मुक्या मशीनवरची धूळ पुसायची. कुणी सांगितलं नव्हतं, तरी पुसायची.

माझ्याशी ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. त्याच वैशाखात माझं लग्न झालं. माझ्या चोळ्या वहिनीनं हातानं शिवल्या. टाके इतके बारीक की नजर ठरू नये. माझी वेणी घातली, ओटी भरली, निघताना डोळ्यांना पदरही लावला. जे करायचं ते सगळं केलं. फक्त "वन्सं, इकडे या जरा" हे शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. माहेरपणाला जाई तेव्हा ती माझं पान वाढी, प्रकृती विचारी आणि कामाला लागे. कडू बोलणाऱ्या माणसापुढं आपल्याला काहीतरी म्हणता येतं. नीट वागणाऱ्या माणसापुढं काय म्हणणार?

वर्षं गेली. आई गेली, दादाही गेले. दादांच्या मागं वर्षभरानं वहिनी भिवंडीला भावाकडे राहायला निघाली, तेव्हा वाटेत दोन दिवस माझ्याकडे कल्याणला उतरली. अंगावर तांबडं आलवण, डोक्यावरचे केस गेलेले. बोटं मात्र तशीच होती, लांबसडक, जरा वाकडी झालेली. दुपारी आम्ही दोघीच मागच्या पडवीत बसलो होतो. मी धीर केला. आता मीही तिला अहोजाहो करू लागले होते.

"वहिनी, बाई आल्या होत्या त्या दिवशी मी खोटं बोलले. तुम्हाला ठाऊक आहे ते. इतकी वर्षं मनात आहे माझ्या." आणि लगेच घाईनं म्हटलं, "मी लहान होते हो. अकरा वर्षांची पोर. मला काय कळत होतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो पायावर डोकं ठेवून घेतला असता.

"अकराव्या वर्षी मी तुमच्या घरात आले, वन्सं," ती म्हणाली. "मला कुणी लहान म्हटलं नव्हतं."

मग ती उठली, न्हाणीत जाऊन पाय धुऊन आली आणि वाती वळायला कापूस आहे का, असं विचारू लागली. मी कापूस आणून दिला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी मिळून बऱ्याच वाती केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बैलगाडी खाडीच्या वाटेला लागली, आणि पावसाळ्याच्या आत ती गेल्याचा निरोप आला.

माणसं म्हणतात, काळ गेला की सगळं बोथट होतं. मला वाटतं, बोथट होते ती आपली स्वतःची बाजू. मी लहान होते, मला भीती होती, माझी शाळा सुटली होती: ही सगळी माझी कारणं एकेकाळी किती धारदार होती! त्यांच्या आड मी निर्धास्त लपून राहिले. वर्षांमागून वर्षं ती झिजत गेली आणि आता त्यांतलं एकही माझ्या उपयोगाचं राहिलेलं नाही. त्यांच्या मागं जी मुलगी उभी होती ती मात्र झिजली नाही. खांबाला टेकून ती अजून तशीच उभी आहे, पहिलं वाक्य बोलून झालं आहे, आणि दुसरं तिला कुणीही विचारलेलं नाही.