आमेन म्हणजे सही

आमच्या घरी प्रार्थना संपायच्या आत आमेन म्हणायला सक्त मनाई होती. आम्ही खडकीला क्वार्टरमध्ये राहत होतो आणि आई फॅक्टरीच्या ऑफिसात कारकून होती. संध्याकाळी ताटं वाढून झाली की ती डोळे मिटून देवाशी सविस्तर बोलायची. एकदा भुकेच्या मारे मी मधेच आमेन म्हणून टाकलं. तिने एक डोळा उघडला.

"आमेन म्हणजे सही असते. पूर्ण कागद न वाचता सही करतात का?"

आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली. वरण गार झालं.

पुढे म्हातारपणी तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो एकच शब्द, आमेन. डॉक्टर म्हणाले, "वर्षानुवर्षं घोकलेलं कधीकधी टिकतं. त्याला अर्थ असेलच असं नाही." चहा देऊ? आमेन. कूस बदलू? आमेन. दुखतंय का गं? आमेन. पाळकसाहेब भेटायला आले, त्यांची प्रार्थना लांबत चालली, तेव्हा तिने मधेच खणखणीत आमेन ठोकून त्यांना गप्प केलं. मला हसू आलं, आणि मग लक्षात आलं, आपलाच नियम तिने मोडला होता. म्हणजे डॉक्टरांचं खरं होतं, आतलं माणूस गेलं होतं.

तिचं करायला मी शाळेतली नोकरी सोडली. रविवारी चर्चमध्ये बायका हात धरून म्हणायच्या, "धीर शिकावा तर तुमच्याकडून."

"शिका ना," मी म्हणायचे. "उद्या सकाळी सातला या, चादर बदलायची असते."

कोणी आलं नाही. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, शिकण्यासारखं तिथे काही नव्हतं. रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून "प्रभू, मला धीर दे" असं मी म्हणत होते, ते पाढे म्हणावेत तसं. एकदा गाऊन चढवताना मी तिचा लुळा हात हिसडला. दंडावर काळंनिळं उमटलं. चर्चमधलं कोणी आलंच तर दिसू नये म्हणून मी तिला लांब बाह्यांचे गाऊन घालायला लागले. मला स्वतःची किळस यायची, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेवढीच चिडायचे.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात, पडून पडून झालेली तिच्या पाठीची जखम चिघळली. एका दुपारी मलमपट्टी करताना ती इतकी कण्हली की मला दोनदा थांबावं लागलं. पट्टी कशीबशी पुरी केली. तिचा डोळा लागला आहे असं वाटलं, तेव्हा मी पलंगाला टेकून फरशीवर बसले आणि मोठ्याने बोलले.

"प्रभू, मला धीर नको. मला ही नको आता. हिला घेऊन जा. हिची सुटका व्हावी म्हणून नाही, माझी व्हावी म्हणून. मी थकले."

आणखी काही बोलायचं उरलं नव्हतं. मग वरून आवाज आला.

"आमेन."

मी मान वर केली. तिचा एक डोळा उघडा होता आणि माझ्याकडे बघत होता. माझं बोलणं संपेपर्यंत ती थांबली होती.

"आई, मी काय म्हटलं ते कळलं तुला?"

"आमेन," ती म्हणाली.

त्याला काय अर्थ, चहालाही ती तेच म्हणायची. मी उठले आणि चहा टाकला. हात धुऊनही मलमाचा वास जात नव्हता.

सतरा दिवसांनी ती गेली. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी प्रार्थनेत देवाचे आभार मानले, या मुलीच्या धीराबद्दल आणि निष्कपट भक्तीबद्दल. मंडळी एका सुरात आमेन म्हणाली. मी सगळं नीट, शेवटपर्यंत ऐकलं होतं. माझ्या तोंडून आमेन निघालं नाही. तीन वर्षांत निष्कपट म्हणावी अशी प्रार्थना मी एकच केली होती, आणि तिच्यावर आईची सही होती.